क्वार्टरबॅकने नेमकं काय पाहिलं?

3 फेब्रुवारी 2008, ॲरिझोनातलं ग्लेनडेल. अमेरिकन फुटबॉलचा मोसमातला अंतिम सामना, सुपर बोल, संपायला जेमतेम सव्वा मिनिट उरलंय. न्यूयॉर्क जायंट्स चार गुणांनी मागे आहेत आणि समोर आहेत त्या मोसमात एकही सामना न हरलेले न्यू इंग्लंड पेट्रियट्स. जायंट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू, इलाय मॅनिंग मैदानाच्या कडेला चेंडू फेकतो. पेट्रियट्सचा असांटे सॅम्युएल उंच उडी घेतो, चेंडू त्याच्या हातांना लागतो आणि निसटतो. तो झेल बसला असता तर चेंडू पेट्रियट्सकडे जाऊन सामना तिथेच संपला असता. पुढच्याच खेळीत मॅनिंगला घेरलं जातं, कुणीतरी त्याची जर्सी धरून ओढतं, तो कसाबसा सुटतो आणि मैदानाच्या मधोमध उंच चेंडू भिरकावतो. डेव्हिड टायरी तो स्वतःच्या हेल्मेटवर दाबून धरतो. 32 यार्ड मिळतात आणि थोड्याच वेळात जायंट्स 17-14 ने जिंकतात.

आकडेवारीच्या तक्त्यात पहिल्या फेकीपुढे ‘अपूर्ण’ असं लिहिलंय आणि दुसरीपुढे ‘32 यार्ड’. पण पहिली फेक म्हणजे सामना घालवणारी चूक होती, बोटभर अंतराने वाचलेली. दुसरीही कुठल्याच प्रशिक्षकाने शिकवली नसती. पळापळ करून उशिराने मैदानाच्या मध्यभागी फेकायचं नाही, हे शाळकरी क्वार्टरबॅकलाही पहिल्या आठवड्यात सांगतात, कारण तोवर तिथे विरोधकांची गर्दी झालेली असते. इथेही झाली होती. टायरीने अशक्य झेल घेतला, म्हणून ती फेक इतिहासात गेली.

निर्णय आणि निकाल या दोन गोष्टी वेगळ्या करता येणं, हेच क्वार्टरबॅकचा खेळ फिल्मवर पाहण्याचं खरं काम आहे. क्रिकेट पाहणाऱ्या माणसाला हे नवं नाही. ऑफ स्टंपच्या बराच बाहेरचा चेंडू ताणून मारला आणि स्लिपवरून चौकार गेला, तर धावा चार मिळतात, पण जाणकार माणूस मान हलवतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये अशी मान हलवण्यासाठी थोडी तयारी लागते, एवढंच.

हा खेळ कधीच न पाहिलेल्यांसाठी आधी दोन शब्द. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाला ‘डाउन’ म्हणतात. दहा यार्ड झाले की पुन्हा चार प्रयत्न. मधला खेळाडू दोन पायांमधून चेंडू मागे देतो, तो ‘स्नॅप’. चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात येतो आणि तिथून पुढे त्याला साधारण अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात त्याने चेंडू कुणाला द्यायचा, फेकायचा की स्वतः पळायचं हे ठरवायचं, आणि समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याच्या अंगावर धावून येत असतात.

आता फिल्म म्हणजे काय ते पाहू. टीव्हीवर जे दिसतं त्यातून निर्णय कळत नाही. टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे जातो. स्नॅपच्या क्षणी पडद्यावर क्वार्टरबॅक आणि त्याच्या पुढची गर्दी दिसते. बचाव करणाऱ्या संघाचे सर्वांत मागे उभे राहणारे खेळाडू, ज्यांना ‘सेफ्टी’ म्हणतात, ते बहुतेक वेळा चौकटीबाहेर असतात. म्हणजे क्वार्टरबॅक ज्यांच्याकडे बघून निर्णय घेतो, नेमकी तीच माणसं आपल्याला दिसत नाहीत. प्रशिक्षक पाहतात ती फिल्म वेगळी असते. स्टेडियममध्ये उंचावर एक कॅमेरा मैदानाच्या लांब बाजूला आणि एक गोलरेषेच्या मागे. सगळे बावीस खेळाडू सतत चौकटीत, म्हणून तिचं नाव ‘ऑल-22’. ना समालोचन, ना रिप्ले. एक खेळी संपली की पुढची. 2012 पासून एनएफएलने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगने, ही फिल्म पैसे भरणाऱ्या सामान्य प्रेक्षकांनाही खुली केली, आणि माझ्यासारख्या कितीतरी जणांना हा खेळ तेव्हा पहिल्यांदा खऱ्या अर्थाने दिसला.

फिल्म पाहून खेळ शिकण्याची पद्धत रुजवणाऱ्यांत सिड गिलमन या प्रशिक्षकाचं नाव मानाने घेतात. त्याच्या घरच्यांची मिनिॲपोलिसमध्ये चित्रपटगृहं होती. बातमीपटांच्या रिळांत फुटबॉलचे तुकडे असत, ते काढून घेऊन तो घरी पुन्हा-पुन्हा बघत बसे. पुढे पासवर उभ्या राहिलेल्या आधुनिक आक्रमणाचा बराचसा पाया त्याने घातला. चेंडू कुठे फेकायचा हे त्याने मोकळ्या जागेच्या हिशेबाने मांडलं. मैदान 53 यार्डांहून थोडं रुंद आहे, अकरा माणसं ते सगळं झाकू शकत नाहीत. प्रश्न एवढाच की उघडी जागा कुठली, आणि ती कधी उघडते.

ऑल-22 लावली की पहिली गोष्ट स्नॅपच्या आधी थांबवायची. क्वार्टरबॅककडे बघायचंच नाही. सर्वांत मागे किती सेफ्टी उभे आहेत ते मोजायचं. एकच सेफ्टी मधोमध असेल तर मैदानाचा खोल मध्यभाग बंद आहे, कडा तुलनेने उघड्या. दोन सेफ्टी दोन बाजूंना असतील तर मधली पट्टी मोकळी. क्वार्टरबॅकही खेळी सुरू होते त्या रेषेवर येताच आधी हेच पाहतो.

मग बचाव माणूस धरून आहे की जागा धरून, हे शोधायचं. कबड्डीत चढाई करणारा कोपरारक्षकाच्या हालचालीवरून साखळी कुठे लागणार याचा अंदाज घेतो, त्यातलाच हा प्रकार. क्वार्टरबॅक यासाठी एक युक्ती करतो. स्नॅपच्या आधी आपल्या एका खेळाडूला एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला चालत पाठवतो. त्याच्यामागोमाग बचावातला एक जण पूर्ण मैदान ओलांडून आला, तर बहुधा माणसाला माणूस नेमलाय. सगळे जरा-जरा सरकून आपापल्या जागी उभे राहिले, तर जागेची राखण आहे.

पण बचावही काही भोळा नाही. स्नॅपच्या आधी दोन सेफ्टी दाखवायचे आणि चेंडू हलताच एकाने धावत पुढे यायचं, दुसऱ्याने मधोमध सरकायचं, हे आता सर्रास चालतं. म्हणून स्नॅपनंतरची पहिली अर्धी सेकंद चौकट-चौकट पुढे नेत बघावी. सेफ्टी हलले का? हलले असतील तर क्वार्टरबॅकला ते कळलं का? त्याची मान फिरली का? की त्याने आधी ठरवलेल्या जागीच चेंडू फेकला? माझ्या मते क्वार्टरबॅकची खरी पारख इथेच होते. फेकीचा जोर तर कुणालाही दिसतो.

एक साधी खेळी अगदी जवळून पाहू. तिचं नाव ‘स्मॅश’. शाळेपासून एनएफएलपर्यंत सगळे ती खेळतात. एका बाजूला दोन रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारे खेळाडू. कडेचा रिसीव्हर पाचेक यार्ड धावतो, थांबतो आणि क्वार्टरबॅककडे वळतो. आतला रिसीव्हर दहा-बारा यार्ड सरळ जातो आणि मग मैदानाच्या कोपऱ्याकडे तिरपा वळतो. समोर दोन सेफ्टींचा बचाव आहे आणि त्या बाजूची उथळ, म्हणजे जवळची, जागा एका कॉर्नरबॅककडे (कडेच्या बचावपटूकडे) सोपवलेली आहे. आता तो कॉर्नरबॅक एकटा आहे आणि त्याच्यापुढे एक जण, मागे एक जण. तो मागे सरकला तर पुढचा मोकळा. तो पुढे आला तर त्याच्या डोक्यावरून कोपऱ्यात फेकता येतो, सेफ्टी तिथे पोचायच्या आत.

क्वार्टरबॅक इथे आपल्या रिसीव्हरकडे बघतच नाही, त्या एका कॉर्नरबॅकवर नजर ठेवतो. ‘कोण मोकळा आहे ते बघून फेक’ हा आपला समज असतो. मोकळा दिसेपर्यंत थांबलं तर उशीर होतो. चेंडू हवेत असताना बचावपटू अंतर भरून काढतात. म्हणून मोकळा होणार हे विरोधकाच्या पावलावरून ओळखायचं आणि रिसीव्हर वळायच्या आत चेंडू सोडायचा. फिल्म नेमकी चेंडू हातातून सुटतानाच्या चौकटीवर थांबवली तर चांगल्या क्वार्टरबॅकच्या बाबतीत एक विलक्षण दृश्य दिसतं. चेंडू निघालाय आणि रिसीव्हरची अजून पाठ वळलेली आहे.

नजर कुठे आहे हे हेल्मेटमुळे नेहमी कळत नाही. अशा वेळी पाय बघावेत. स्नॅपनंतर क्वार्टरबॅक ठरावीक पावलं मागे जातो, तीन, पाच किंवा सात, आणि ही पावलं रिसीव्हरच्या धावेशी जुळवलेली असतात. पाचव्या पावलाला मागचा पाय रुतला की पहिल्या पर्यायाकडे चेंडू जायला हवा. तो बंद असेल तर जागच्या जागी एक छोटी उडी, आणि दुसरा पर्याय. आणखी एक उडी, तिसरा. म्हणजे पाय मोजले की तो कितव्या पर्यायावर आहे ते कळतं. पाय रुतले, एक उडी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली आणि हेल्मेट अजून त्याच दिशेला असेल, तर तो एका माणसावर अडकून बसलाय. समोरचे बचावपटू हेही वाचतात.

पर्याय एका ठरलेल्या क्रमाने तपासायचे असतात. शेवटचा पर्याय बहुधा जवळच उभा असलेला रनिंग बॅक, म्हणजे एरवी चेंडू घेऊन पळणारा खेळाडू, त्याला दिलेल्या छोट्या पासला ‘चेकडाउन’ म्हणतात. त्यावर तीन-चार यार्ड मिळतात आणि प्रेक्षक हळहळतात. पण पहिल्या डाउनवर चार यार्ड म्हणजे पुढे तीन प्रयत्नांत सहा यार्ड, आणि ते कुठलाही संघ आनंदाने घेईल. चेंडू मुद्दाम कडेला, कुणालाच झेलता येणार नाही असा फेकून देणं, हाही कित्येकदा खेळीतला सर्वांत शहाणा निर्णय असतो. त्याची आकडेवारीत नोंद ‘अपूर्ण’ अशीच होते. डाउन आणि परिस्थिती न बघता निर्णयाला बरं-वाईट म्हणताच येत नाही.

सॅकचंही असंच. क्वार्टरबॅक चेंडूसकट पाडला गेला की दोष त्याच्यापुढच्या भिंतीला जातो. मोजून बघा. पाच जणांची भिंत आणि मदतीला रनिंग बॅक धरला तर अडवणारे सहा. अंगावर सात जण आले तर एक जण मोकळाच सुटणार, त्यात भिंतीची काही चूक नाही. त्या सातव्याचं उत्तर क्वार्टरबॅककडे असतं. तो जिथून आला ती जागा रिकामी झाली, तिथे झटपट चेंडू टाकायचा. स्नॅपच्या आधी ओरडून खेळी बदलणं, अडवणाऱ्यांना बोट दाखवून सांगणं, हे सगळं त्यासाठीच चाललेलं असतं. बाकड्यावरच्या प्रशिक्षकाचा आवाज हेल्मेटमधल्या स्पीकरमधून येतो खरा, पण खेळी सुरू करायची मुदत पंधरा सेकंदांवर आली की तो बंद होतो. त्यापुढे क्वार्टरबॅक एकटा.

आता पुन्हा ग्लेनडेल, तेच स्टेडियम. 1 फेब्रुवारी 2015. पुन्हा सुपर बोल, पुन्हा पेट्रियट्स, पण या वेळी ते 28-24 असे पुढे आहेत. सिॲटल सीहॉक्सकडे चेंडू आहे गोलरेषेपासून एका यार्डावर. दुसरा डाउन, घड्याळात 26 सेकंद, एक टाइमआउट (घड्याळ थांबवण्याची संधी) शिल्लक. मागच्याच खेळीत त्यांचा रनिंग बॅक मार्शॉन लिंचने चार यार्ड रेटले होते. साऱ्या जगाला वाटलं, चेंडू पुन्हा लिंचलाच द्या. सीहॉक्सनी पास टाकला. पेट्रियट्सचा नवखा माल्कम बटलर झेपावला, चेंडू त्याने पकडला आणि सामना संपला.

त्या रात्रीपासून या खेळीला सर्वांत मूर्ख खेळी म्हणण्याची चढाओढ लागली. मला ते कधीच पटलं नाही. हिशेब असा होता. 26 सेकंद आणि एकच टाइमआउट असताना तिन्ही उरलेले प्रयत्न वापरायचे असतील तर त्यातला एक तरी पास हवा, कारण पास अपूर्ण राहिला की घड्याळ थांबतं, धाव अडवली गेली तर चालूच राहतं. शिवाय त्या मोसमात एका यार्डावरून फेकलेला दुसरा एकही पास विरोधकांनी पकडला नव्हता.

हा झाला प्रशिक्षकांचा निर्णय. क्वार्टरबॅक रसेल विल्सनचा वेगळा पाहावा लागतो, आणि फिल्म इथे कामाला येते. उजवीकडे दोन रिसीव्हर एकामागे एक उभे आहेत. पुढे जर्मेन कर्स, मागे रिकार्डो लॉकेट. बेत असा की कर्स पुढे घुसून बचावाची वाट अडवेल आणि त्याच्या आडून लॉकेट तिरका आत येईल. कर्ससमोर आहे ब्रँडन ब्राउनर, आदल्या मोसमापर्यंत सीहॉक्सकडेच असलेला. बटलर त्याच्या मागे, काही यार्ड दूर.

स्नॅप. इथून एकेक चौकट. ब्राउनर दोन्ही हातांनी कर्सला छातीवर रोखतो. कर्स जागचा हलत नाही. म्हणजे बटलरच्या वाटेत यायला हवं होतं ते माणूस आलंच नाही. बटलर याच खेळीवर सरावात फसला होता. तो लॉकेटची दिशा ओळखतो आणि चेंडू येणार त्या जागेकडे सरळ रेषेत सुटतो. विल्सनच्या हातातून चेंडू निघतो तेव्हा लॉकेट मोकळा दिसतो. विल्सनने पाहिलं ते बरोबर होतं. पण खेळी ज्यावर उभी होती ती टक्कर झालेली नव्हती, आणि ती खूण त्याच्या डोळ्यांपुढे होती, अर्ध्या सेकंदापुरती. त्यात चेंडूही किंचित पुढे आणि उंच गेला. खाली, लॉकेटच्या अंगाशी गेला असता तर फार तर अपूर्ण राहिला असता.

मग दोष कुणाचा? मी माझ्यापुरती वाटणी केली आहे. खेळीची निवड समर्थनीय होती. विल्सनने ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या माणसाकडे फेकलं, त्यात आततायीपणा नव्हता. चेंडूची जागा चुकली, ती चूक त्याची. आणि सर्वांत मोठा वाटा ब्राउनर-बटलर या दोघांच्या तयारीचा. एका माणसाने स्वतःचं काम इतकं चोख केलं की दुसऱ्याचं नाव अजरामर झालं. ब्राउनरचं नाव फार कुणाला आठवत नाही, याचं मला फिल्म बघताना दर वेळी वाईट वाटतं.

फिल्मच्या मर्यादाही मान्य करायला हव्यात. खेळी कुठली पुकारली होती हे आपल्याला ऐकू येत नाही. काही धावा अशा असतात की बचाव बघून रिसीव्हरने धावता-धावता दिशा ठरवायची. क्वार्टरबॅकने एक वाचलं, रिसीव्हरने दुसरं, आणि चेंडू रिकाम्या जागी पडला. चूक कुणाची हे फक्त त्यांच्या बैठकीच्या खोलीत कळतं. अशा खेळीवर घरबसल्या निवाडा देणाऱ्यांपासून मी चार हात लांब राहतो. एकाच खेळीवरून मत बनवू नये, हेही ओघाने आलंच. तोच क्वार्टरबॅक तशाच बचावासमोर वीस वेळा काय करतो ते पाहिल्यावर त्याची सवय दिसते.

या अभ्यासाला संघ किती महत्त्व देतात ते 2022 मध्ये उघड झालं. ग्लेनडेलचं तेच स्टेडियम ज्यांचं घर, त्या ॲरिझोना कार्डिनल्सनी क्वार्टरबॅक कायलर मरेशी 23 कोटी डॉलरच्या घरातला करार केला. सामन्याच्या आठवड्यात त्याने स्वतःहून किमान चार तास अभ्यास करावा, असं कलम त्यात घातलं होतं. बोभाटा झाला आणि काही दिवसांतच ते काढून टाकलं. कलम अपमानास्पद होतं, यात मला शंका नाही. पण एवढ्या पैशांच्या कागदावर ते लिहावंसं वाटलं, यावरून ही फिल्म पाहणं किती मोलाचं मानतात ते कळतं.

शेवटी एक खेळी, जी मी नव्या माणसाला फिल्म दाखवताना नेहमी लावतो. 13 फेब्रुवारी 2022, लॉस एंजेलिसजवळचं इंगलवुड. पुन्हा सुपर बोल. लॉस एंजेलिस रॅम्स सिनसिनाटी बेंगाल्सविरुद्ध 16-20 असे मागे आहेत आणि ही त्यांची शेवटची मोठी चढाई आहे. क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड, आणि त्याचा रिसीव्हर कूपर कप मैदानाच्या मध्यातून आडवा धावतोय. टीव्हीवर पाहिलं तेव्हा एवढंच कळलं की पास गेला, कपने घेतला, 22 यार्ड मिळाले. पुढे रॅम्स 23-20 ने जिंकले.

आता गोलरेषेमागचा कॅमेरा लावा. बेंगाल्सचा सेफ्टी कपच्या वाटेत उभा आहे. स्टॅफर्डचं हेल्मेट कपकडे नाही, भलतीकडे वळलेलं आहे, खांदेही तिकडेच. सेफ्टी त्या हेल्मेटवर विश्वास ठेवतो आणि एक पाऊल तिकडे टाकतो. फिल्म इथे थांबवा. चेंडू अजून स्टॅफर्डच्या हातात आहे, हात वर गेलाय, आणि कपच्या पुढ्यात क्षणापूर्वी जिथे सेफ्टी होता तिथे आता नुसतं गवत आहे. पुढच्या चौकटीत चेंडू त्या गवताच्या दिशेने निघालेला असतो, आणि स्टॅफर्ड अजूनही दुसरीकडेच बघत असतो.